मयतीच्या नावाचा ढीग

जुन्या नाशकात, बागवानपुऱ्यात, कुणाच्या घरी बाईमाणूस गेलं की पहिला निरोप हुरमतबीकडे जायचा. कबर खोदणाऱ्याकडे माणूस धावायचा तो त्यानंतर. हुरमतबी मंडईत पेरू आणि लिंबं विकायची. निरोप आला की ती पेरूंवर ओलं फडकं टाकायची, शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या गोजराबाईला "बघ गं जरा" म्हणायची आणि तरातरा चालू लागायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी थांबायची नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर गोजराबाई म्हणायची, "ती मयतीला अंघोळ घालाया चाललीय. तुमचे पेरू काय पळून चाललेत व्हय?"

मयतीला अंघोळ घालणं, म्हणजे गुस्ल देणं, हुरमतबी सासूकडून शिकली होती. ती उंच होती, हाडापेराने दणकट होती आणि तिचा आवाज मंडईत कमावलेला होता. पण मयतीच्या खोलीत शिरली की तोच आवाज एकदम खाली यायचा. ती दाराला पडदा बांधायची, मयतीवर चादर धरायला दोघींना उभं करायची. बोरीच्या पानांनी उकळलेलं पाणी कोमट झालं की उजव्या अंगापासून सुरुवात करायची. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांचे दोन भाग करून छातीवर घ्यायचे, मग पाच कापडांचं कफन. आणि हे सगळं करताना ती मयतीशी बोलत असायची. "बेटी, आता ही कूस. झालं हं. पाणी गार नाही ना?" नव्या बायकांना ते ऐकून काटा यायचा. जुन्या बायकांना मात्र त्याने धीर यायचा.

तिचा एक नियम होता. मयतीच्या अंगावर जे दिसलं ते त्या खोलीतच राहायचं. कुणाच्या पाठीवर माराचे वळ होते, कुणाच्या पोटावर शस्त्रक्रियेची खूण होती, हे बाहेर बायका खोदून खोदून विचारायच्या. हुरमतबी फक्त एवढंच म्हणायची, "चेहरा फार शांत होता." सगळ्या मयतींचा चेहरा तिच्या तोंडून शांतच असायचा.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रज्जाक कल्हईवाल्याची बायको महमूदा काविळीने गेली. दुष्काळाचं वर्ष होतं. लोकांची भांडीच रिकामी, तर कल्हई कोण करून घेणार? हुरमतबी पोचली तेव्हा चुलीवर पाणी तयार होतं, बोरीची पानं होती, कापूर होता. कफन नव्हतं. रज्जाक ते आणायला सकाळीच बाहेर पडला होता. बायका वाट बघत बसल्या. पाणी गार झालं, पुन्हा तापवलं, पुन्हा गार झालं. मयत ताटकळत ठेवू नये, लवकरात लवकर मातीला न्यावी, हे आपल्यात लहान पोराला माहीत असतं. पण दुपार कलंडली तरी महमूदा आपल्या फाटक्या साडीत तशीच पडून होती. अशा वेळी मशिदीच्या दारात चादर पसरायची रीत होती. येणारे-जाणारे त्यात चार नाणी टाकायचे. पण रज्जाक मानी होता. तो चादर पसरायला गेला नाही. तिसऱ्या प्रहरी कापडाची गुंडाळी काखेत मारून आला, कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही, गुंडाळी पडद्याआड सरकवली आणि बाहेर जाऊन बसला.

मिट्टी, म्हणजे दफन, झाली. तिसऱ्या दिवशी जियारतचं जेवण झालं. मटणाचा पुलाव होता. अख्खा मोहल्ला जेवला. हुरमतबीही जेवली, आणि हात धुताना "भात मोकळा झालाय हं" असंही म्हणाली.

पुढे पंधरा दिवसांनी ती आपलं तांब्याचं डेग कल्हईला घेऊन रज्जाककडे गेली. त्याच्या ओट्याशेजारी जमिनीत कोळशाचा खड्डा असायचा आणि त्याला जोडलेला, विस्तव फुलवायचा कातडी भाता. खड्ड्यात राख होती. भाता नव्हता. रज्जाक मांडीवर हात ठेवून बसला होता आणि त्याची दोन पोरं त्या राखेत रेघोट्या ओढत होती.

"भाता कुठंय रे?"

"गेला, आपा."

"गेला म्हणजे?"

"विकला. कफनाला, अन् जेवणाला." मग तो म्हणाला, "कफनाला फार नाही लागलं, आपा. जेवणाला लागलं. लोक म्हणाले, एवढी गुणाची बायको, तिच्या नावाने चार माणसं जेवली नाहीत तर तिच्या रूहला काय वाटेल?"

हुरमतबी डेग तसंच डोक्यावर घेऊन घरी परतली. तिचा नवरा दगडूमियाँ टांगा हाकायचा. तो घोड्याला चारा घालत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"त्या दिवशी पुलाव म्हणून मी रज्जाकचा भाता खाल्ला," ती म्हणाली. "तुम्हीपण खाल्ला."

दगडूमियाँ मितभाषी माणूस. त्याने घोड्याच्या मानेवर हात फिरवला आणि विचारलं, "मग आता काय करायचं म्हणतेस?"

काय करायचं ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंडईत लिंबांचे ढीग लावता लावता ते सुचलं. संध्याकाळी उरलेल्या मालाचे ढीग लावून विकायचे, ही मंडईची रोजचीच पद्धत. हुरमतबीने त्यातला एक ढीग बाजूला, गोणपाटाच्या कोपऱ्यावर लावला.

"ह्यो कुणाचा गं?" गोजराबाईने विचारलं. गोजराबाई मखमलाबादची माळीण. स्वतःच्या मळ्यातली मेथी, पालक, झेंडू घेऊन रोज पहाटे यायची.

"मयतीच्या नावाचा. ह्याचे जे येतील त्याचं कफनाचं कापड घेणार आहे. घरात पेटी भरून ठेवणार. उद्या कुणाचं माणूस गेलं अन् हातात काही नसलं, तर त्याला दारोदार फिरायला नको."

गोजराबाईने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या टोपलीतल्या मेथीच्या दोन जुड्या उचलून त्या ढिगावर ठेवल्या.

"अगं, हे आमच्या लोकांसाठी आहे," हुरमतबी म्हणाली.

"मग? मढ्याला कापड आमच्यात बी लागतंच की. आन् तू म्हनलीस का मला, की तुझे पेरू मी कशाला बघू? ठिव तिथं. लय बोलू नको."

पाहता पाहता मंडईतल्या बागवान बायकांनी आपापला एकेक ढीग वेगळा लावायला सुरुवात केली. कुणाचा कांद्याचा, कुणाचा आवळ्याचा, कुणाचा नुसत्या कढीपत्त्याचा. त्या पैशातून सगळ्यात आधी जे आलं ते मात्र कापड नव्हतं. दगडूमियाँ टांगा घेऊन पंचवटीतल्या एका भंगारवाल्याकडे गेला आणि येताना मागच्या बैठकीवर, सवारीसारखा ऐटीत बसवून, रज्जाकचा भाता घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने टांगा मुद्दाम हळू केला. पोरं मागे धावत होती. रज्जाकने भाता ओळखला आणि तो ओट्यावरून उठलाच नाही, गुडघ्यात डोकं घालून बसला. हुरमतबीने त्याच्यासमोर आपलं डेग दाणकन ठेवलं. "रडायचं नंतर. आधी कोळसे पेटव. माझ्यामागे अजून पंधरा बायका भांडी घेऊन उभ्या आहेत."

आणि खरंच उभ्या होत्या.

मग पेटी भरली. मालेगावच्या मागावरचं पांढरं सुती कापड, पुरुषांचं तीन कापडांचं कफन वेगळं, बायकांचं पाच कापडांचं वेगळं, सगळं कापून, घड्या घालून तयार. सोबत कापराच्या पुड्या, अत्तराचा फाया, वाळवलेली बोरीची पानं. कुणी गेल्याचं कळलं की हुरमतबी कुणी मागायची वाट बघायची नाही. कापड टोपलीत तळाशी घालायची, वर कोथिंबीर पसरायची आणि भाजी द्यायला चालल्यासारखी त्या घरात शिरायची. घरातल्या कर्त्या बाईच्या हातात घडी ठेवायची. घरच्यांनी स्वतःचं आणलेलं असलं तर तीच टोपली घेऊन तशीच परत. कुणाला फुकट मिळालं आणि कुणी विकत घेतलं, हे गल्लीला कधी कळलं नाही. कबर खोदणाऱ्याची मजुरी, कबरीत घालायच्या फळ्या, हेही हळूहळू त्यातूनच निघू लागलं.

दोन वर्षं गेली. मग एक दिवस अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर हाजी बदरोद्दीनने दगडूमियाँला मशिदीच्या पायरीवर थांबवलं. हाजी बदरोद्दीन फळांचा मोठा आडत्या, मशिदीचा ट्रस्टी, मोहल्ल्यातला वजनदार माणूस. दुष्ट नव्हता. पण मोहल्ल्यात पान हललं तरी ते आपल्याला विचारून हलावं, अशी त्याची समजूत होती.

"दगडू," तो चारचौघांत म्हणाला, "तुझी बायको मंडईत मयतीच्या नावाने ढीग मांडते म्हणे. त्यात हिंदू बायकांची मेथीसुद्धा घेते. आपण काय भिकेला लागलोय? मोहल्ल्याची काही इज्जत?"

दगडूमियाँने जोडे पायात सरकवले. "हाजीसाब, मला घोड्यातलं कळतं. बाकीचं तिला विचारा. पण एक सांगा. ह्या पायरीवर कफनासाठी चादर पसरून शेवटचा माणूस कधी बसला होता?"

हाजीने आठवून पाहिलं. सोबतच्या लोकांनीही आठवून पाहिलं. कुणालाच आठवेना.

"तीच इज्जत म्हणायची," दगडूमियाँ म्हणाला आणि टांग्याकडे गेला. उभ्या जन्मात तो चारचौघांत एवढं बोलला नव्हता. घरी आल्यावर हुरमतबीने त्याला दोनदा चहा करून दिला.

पण खरी लढाई जेवणाची होती. कफन पेटीतून मिळू लागलं तरी तिसऱ्याचं जेवण, दहाव्याचं, चाळिसाव्याचं, त्यापायी घरं बुडतच होती. हुरमतबी गुस्लला जाई तिथे हलक्या आवाजात सांगून येई, जेवण घालू नका. लोक ऐकून घेत आणि घालत. शेवटी एक दिवस ती मौलवी सनाउल्लांच्या घरी गेली. मौलवीसाब तरुण होते, मालेगावहून नुकतेच आले होते. ती पडद्याआड बसली आणि तिने सरळ विचारलं, "मयतीच्या घरच्यांनी लोकांना जेवू घालणं फर्ज आहे का?"

"नाही," मौलवीसाब म्हणाले. "उलट हुकूम असा आहे की ज्या घरात माणूस गेलं त्या घरासाठी शेजाऱ्यांनी रांधावं. त्यांना दुःखातून सवड कुठली?"

"मग हे जुम्म्याला सांगा ना."

मौलवीसाब म्हणाले, "आपा, लोक चिडतील."

"माझ्यावर चिडलेलेच आहेत. थोडे तुमच्यावर चिडू द्या. मला तेवढीच उसंत."

पडद्यापलीकडून हसू ऐकू आलं. आणि त्या जुम्म्याला मौलवीसाबनी खरोखरच सांगितलं, ठणठणीत आवाजात. मोहल्ल्याचे दोन भाग झाले. म्हातारे म्हणाले, बापजाद्यांपासून चालत आलंय. तरुण म्हणाले, मौलवीसाब बरोबर सांगतात. आणि दोन्हीकडच्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, की हुरमतबी दुसऱ्यांना सांगते खरी, पण तिच्या स्वतःच्या घरात वेळ आली की बघू.

ती वेळ सत्याहत्तरच्या हिवाळ्यात आली. दगडूमियाँ स्टँडवर टांग्याजवळ उन्हाला बसला होता, बसल्या जागी कलंडला. घोडा तिथेच उभा होता. रिक्षावाल्यांनी त्याला टांग्यातच घालून घरी आणलं. मोहल्ल्यात पुरुषाला गुस्ल पुरुषच देत. रज्जाक पुढे झाला. पेटीतून कापड हुरमतबीने स्वतःच्या हाताने काढून दिलं आणि ती आत जाऊन बसली. मिट्टीला इतके लोक आले की खांदा द्यायला पाळी मिळेना.

दुसऱ्या दिवशी विंचूरहून तिचा दीर गुलाबमियाँ आला. लासलगावच्या बाजारात त्याचा कांद्याचा मोठा व्यापार. जीप भरून आला होता. मागे दोन बकरे, तांदळाची पोती, तुपाचे डबे. अंगणात सगळं उतरवून घेतलं आणि हाक दिली, "भाबी, उद्या भावाची जियारत. अख्ख्या बागवानपुऱ्याला जेवण. खर्च माझा. तुम्ही फक्त हो म्हणा."

हुरमतबी इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच काढायच्या मुदतीत, त्यामुळे बाहेर येता येत नव्हतं. दाराच्या फळीआडून ती म्हणाली, "नको, गुलाबभाई."

"नको कसं? सख्खा भाऊ होता माझा. लोक काय म्हणतील? टांगेवाला होता म्हणून कुत्र्यामांजरासारखा पुरला?"

गल्लीत लोक जमू लागले होते. हाजी बदरोद्दीनही आपल्या ओट्यावर येऊन उभा होता. हुरमतबीला फळीतून दिराचे जोडे दिसत होते आणि पलीकडे बकऱ्यांचे पाय. नवऱ्याच्या नावाने अख्खा मोहल्ला जेवला असता तर तिलाही नको होतं असं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी ओढलेला माणूस. एक दिवस त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं असतं.

मग ती मंडईतल्या आवाजात बोलली, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा.

"गुलाबभाई, तुमची ऐपत आहे हे सगळ्यांना दिसलं. पण उद्या मी हे जेवण घातलं, तर परवा ज्याची ऐपत नाही त्यालाही घालावं लागेल. हुरमतबीने घातलं, मग तू का नाही, असं त्याला विचारतील. तुमचा भाऊ पंचवटीतून एका गरिबाचा भाता टांग्यात बसवून घेऊन आला होता. तो पुन्हा विकायला लावू का मी? त्याच्याच नावाने?"

गुलाबमियाँचा चेहरा लाल झाला. तो मटकन पायरीवर बसला आणि म्हणाला, "मग आज ह्या घरात कुणी जेवायचंच नाही का?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाने गोजराबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर धुतलेलं फडकं. मखमलाबादेहून पहिल्या बसने आली होती. लोकांनी वाट दिली. तिने पायरीवर टोपली उतरवली. ज्वारीच्या भाकरी होत्या, मेथीची सुकी भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा.

"ज्या घरात माणूस गेलं तिथं शेजाऱ्यानं जेवण द्यायचं, आसं तुमच्या मौलवीनं सांगितलं ना? हुरमतनंच सांगितलं मला. मंडईत मी हिची शेजारीणच हाय." मग गुलाबमियाँकडे बघून म्हणाली, "तुमी दीर व्हय? हात धुवा अन् बसा. उपाशी दिसता."

तिच्यामागोमाग रज्जाक आला, नव्या कल्हईने चकचकणारं डाळीचं पातेलं घेऊन. मग मनियारांच्या घरची सून बिल्कीस भात घेऊन आली. मग समोरचे, मग शेजारचे, मग ज्यांनी मौलवीसाबवर राग धरला होता तेसुद्धा. ओसरी भांड्यांनी भरली. गुलाबमियाँने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि इतका वेळ स्वतःला आवरून धरलेला तो तिथेच पायरीवर हमसून हमसून रडला. गोजराबाईने त्याला पाणी दिलं आणि ठेच्याची वाटी जरा लांब सरकवली.

बकरे संध्याकाळी जीपमध्ये बसून परत विंचूरला गेले. आठवड्याभराने तिकडून एक ट्रक आला. ट्रकमधून कांदे नव्हे, पांढऱ्या कापडाचे गठ्ठे उतरले.

इद्दतीच्या त्या काळात मोहल्ल्यात एक म्हातारी गेली, आणि पहिल्यांदाच हुरमतबी गुस्लला जाऊ शकत नव्हती. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिने सांगितलं, "बिल्कीसला बोलवा. तिने माझ्यासोबत चादर धरलीय." बिल्कीस घाबरून तिच्याकडे आली. "खाला, माझा हात चालेल का?" हुरमतबीने तिचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "चालेल. पाणी कोपरावर बघ, बोटावर नको." बिल्कीसने ते काम केलं आणि परत येऊन नुसतं एवढं म्हणाली, "चेहरा फार शांत होता." हुरमतबीला कळलं, पोरगी तयार झाली.

आता मोहल्ल्यात तिसऱ्याची जेवणं बंद होत चालली होती. राहिले होते ते मोठे लोक. हाजी बदरोद्दीनने कधी विरोध केला नाही, पण हो-ही म्हटलं नाही. गरिबांसाठी ठीक आहे, असं तो म्हणायचा. आणि हुरमतबीला नेमकं हेच सलायचं. गरिबांसाठी म्हणून वेगळी रीत झाली, की ती पुन्हा भीकच झाली.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात भर दुपारी मंडईत हाजी बदरोद्दीन चालत आला. पायात चपला होत्या, डोक्यावर टोपी नव्हती. आडतीवर गादीवर बसणारा माणूस भाजीवाल्यांच्या रांगेतून चालताना पाहून बायकांनी तागड्या खाली ठेवल्या. तो हुरमतबीच्या पेरूंसमोर उभा राहिला.

"आपा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी आपा म्हटलं नव्हतं. "अम्मा गेली."

हुरमतबी उठली. पेरूंवर फडकं टाकलं.

"हजहून येताना मी तिच्यासाठी जमजमच्या पाण्यात भिजवलेलं कफन आणलं होतं. पण ती सांगून गेली, ते कुणा गरिबाला दे. म्हणाली, मला तेच कापड हवं, जे सगळ्या मोहल्ल्याला मिळतं. अन् हुरमतच्या हाताने." त्याने खिशात हात घातला.

"हाजीसाब, ते कापड विकत नाही," हुरमतबी म्हणाली. "सगळ्यांना जसं मिळतं तसं तुम्हालाही मिळेल."

खिशातला हात तसाच बाहेर आला. ती घरी गेली, पेटीतून घडी काढली, टोपलीत ठेवली आणि वर कोथिंबीर पसरू लागली. हाजी दारात उभा होता.

"कोथिंबीर कशाला?"

"कुणाच्या घरी पेटीतलं कापड गेलं, हे लोकांना दिसू नये म्हणून."

"दिसू द्या," हाजी म्हणाला. त्याने वाकून घडी बाहेर काढली, दोन्ही तळहातांवर ठेवली आणि निघाला. गल्लीतून, मंडईतून, सगळ्या ढिगांच्या मधून तो चालत होता, उघड्या डोक्याने, हातावर पांढरं कापड घेऊन. मंडईतल्या बायका एकेक करून उठून उभ्या राहिल्या. गोजराबाईने पदर डोक्यावर घेतला. हुरमतबी त्याच्या मागे चालत होती. तिची मान ताठ होती आणि डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

त्या रात्री हाजीच्या माडीवर चूल पेटली नाही. मोहल्ल्यातून जेवण गेलं. तिसऱ्या दिवशी कुराणखानी झाली, दुआ झाली, जेवण नाही. त्यानंतर बागवानपुऱ्यात कुणाला लाज म्हणून जेवण घालावं लागलं नाही आणि पेटीतलं कापड घेताना कुणी मान खाली घातली नाही. हाजीने मशिदीला लागून असलेलं आपलं एक गोदाम रिकामं करून दिलं. एका खोलीत संसार करणाऱ्यांना घरात गुस्ल देणं फार अवघड जायचं. तिथे फरशी घातली, नळ घेतला, पाणी तापवायला बंब बसवला. किल्ली कुणाकडे राहणार असा प्रश्न ट्रस्टींच्या बैठकीत निघाला, तेव्हा हाजी म्हणाला, "हे काय विचारणं झालं?" आणि बैठक संपली.

पंच्याऐंशीपर्यंत हुरमतबीचे गुडघे धरले होते. मयतीच्या फळीजवळ तिला फार वेळ उभं राहवत नसे. पण वडाळ्याहून, देवळालीहून, मालेगावहून बायका तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या होत्या. त्या गावांतून दोन-चार बायका तयार व्हायच्या, परत जाऊन आपल्या मोहल्ल्यात ढीग लावायच्या, पेट्या भरायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत उर्दू शाळेचा एक वर्ग त्यांना मिळायचा. बाकं भिंतीला सरकवून मध्ये सतरंजी अंथरायची आणि हुरमतबी खुर्चीवर बसायची.

एकदा अशाच वर्गात बिल्कीस मयत झाली होती. म्हणजे, शिकवण्यासाठी सतरंजीवर पांघरूण घेऊन पडली होती. मालेगावची एक नवखी बाई तिचा हात उचलायला वाकली. तिच्या ओढणीचं टोक बिल्कीसच्या नाकावरून गेलं आणि मयत जोरात शिंकली.

नवखी किंचाळून मागे पडली. सगळ्या बायका आधी दचकल्या, मग खो-खो हसत सुटल्या. बिल्कीस पांघरुणाखाली हसत हसत वळवळत होती. हसता हसता कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाला आपली आई आठवली, आणि तरी हसू थांबेना. बाहेरून जाणारा शिपाई खिडकीतून डोकावून पाहू लागला.

हुरमतबी स्वतः खुर्चीवर गदागदा हलत होती. शेवटी तिने पदराने तोंड पुसलं, काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाली, "पुरे! बिल्कीस, तू मेलीयस, नीट पड. अन् तू गं मालेगाववाली, ऊठ. भ्यायला काय झालं? असाच हलका हात ठेवायचा, शिंक येईल इतका हलका. चला, उजव्या अंगापासून. पाणी घ्या."